फिर्यादीचं नाव

मधुमतीने वाल बुधवारीच भिजत घातले होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांना चांगले मोड आले आणि सिंगापुरात हौगांगला अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पुण्याहून राहायला आलेली ती लेकीच्या स्वयंपाकघरात एकेक डाळिंबी सोलत बसली. उद्या सकाळी निशिकांत येणार होता. डब्लिनहून मुलाकडे पर्थला जाताना त्याला सिंगापूरला नऊ तास मिळत होते. तो आयर्लंडला निघाला तेव्हा, सतरा वर्षांपूर्वी, मधुमती नवऱ्याला, उद्धवना, न सांगता त्याला भेटून आली होती. त्यांनी मात्र आपल्या या धाकट्या भावाचं तोंड अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

जाई आली ती थेट आजीसमोर. पाठीवरची सॅकही तिने काढली नाही.

"आजी, निशीआजोबांवर केस कोणी केली होती?"

"गावातल्या लोकांनी. ठाऊक आहे ना तुला."

"ठाऊक होतं."

तिने सॅकमधून कागद काढून टेबलावर ठेवले. जाई विद्यापीठात कायद्याचं संशोधन करत होती. ईश्वरनिंदा हा गुन्हाच कायद्यातून काढून टाकायचा तर देश ते कसं करतात, हा तिचा विषय, आणि बुधवारी त्यावर तिला निबंध वाचायचा होता. भावना दुखावल्याच्या भारतातल्या एका जुन्या खटल्याचे कागद तिने निशिकांतकडे मागितले होते. त्याने अख्खी फाइल स्कॅन करून पाठवली, सोबत एक ओळही न लिहिता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या जाईला तो मराठी निकाल वाचायला दोन दिवस लागले होते.

तिने बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं : फिर्यादी, उद्धव वासुदेव खांबेटे, चिटणीस, देवस्थान विश्वस्त मंडळ. आरोपीचा सख्खा थोरला भाऊ.

मधुमतीने चष्मा लावला नाही. तिला वाचायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," जाई म्हणाली.

"मी दारातच उभी होते गं. ते चौकीवर निघाले तेव्हा."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

मधुमतीने सोललेल्या डाळिंब्या पाण्यात सोडल्या. त्या वेळी आपण म्हटलं होतं, छत्री घ्या, आभाळ आलंय. एवढंच. हे नातीला कसं सांगायचं ते तिला कळेना.

"नाही बोलले," ती म्हणाली.

*

अनघा, जाईची आई, ऑफिसमधून आली तेव्हा मधुमती अजून स्वयंपाकघरातच होती. अनघाचे वडील रोजच्यासारखे खाली फेऱ्या मारायला गेले होते. कागद टेबलावर तसेच होते आणि तिचा नवरा श्रीनिवास ते वाचून झाल्यावर पालथे घालून बसला होता.

तिने उभ्याउभ्याच ते पान वाचलं. काकाला पकडून नेलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती, पुण्यात होस्टेलवर राहत होती. एकांकिकेत देवाची टिंगल केली म्हणून गावाने फिर्याद केली, एवढंच बाबांनी फोनवर सांगितलं होतं. काका नऊ दिवस कोठडीत होता, कॉलेजातली त्याची नोकरी गेली, तारखा अकरा वर्षं चालल्या, आणि या सगळ्या काळात तिने त्या गावाचा राग केला होता. लग्नानंतर ती तिथल्या जत्रेलाही कधी गेली नव्हती.

"आई, मला तरी सांगायचंस."

"सांगून काय केलं असतंस?"

अनघाने बॅग खाली ठेवली. "उद्या हा विषय निघायला नको," ती म्हणाली. "बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. काका नऊ तासांसाठी येतोय. जेवू दे त्यांना शांतपणे."

"आणि बुधवारचं काय?" श्रीनिवासने विचारलं. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आयटी मॅनेजर होता आणि आवाज कधी चढवत नसे. "जाई, तुझ्या निबंधात आजोबांचं नाव येणार? आपला पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे. या देशात धर्म हा विषय लोक फार जपून काढतात."

"सेमिनार आहे, बाबा. वीस जण असतील. आणि मी कुठल्या धर्माबद्दल बोलतच नाहीये."

"वीस जणांत एकाने रेकॉर्ड केलं तर?"

"मग काय, खोटं लिहू? 'स्थानिक नागरिकांनी तक्रार केली' असं? माझा मुद्दाच तो आहे. असे कायदे देवासाठी वापरले जात नाहीत. माणसं ते एकमेकांवर वापरतात. शेजाऱ्यावर, भाड्याने राहणाऱ्यावर. आणि माझ्या घरात..."

"तुझ्या बाबांचं बरोबर आहे," अनघा म्हणाली. "नाव काढून टाक. खटला दुसरा घे एखादा."

ओल्या हातांनी मधुमती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काढू नकोस," ती म्हणाली.

अनघाने चमकून पाहिलं. भांडण झालं की आई नेहमी बाबांच्या बाजूची. निदान गप्प राहण्याच्या बाजूची.

"विषय नको, विषय नको म्हणत मी इतकी वर्षं घर चालवलं. सासूबाई गेल्या तेव्हा निशी आला नाही. लोकांनी विचारलं, तर मी सांगितलं त्याला रजा मिळाली नाही. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. मला आता कंटाळा आलाय, अनघा."

दारात किल्ली फिरल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. उद्धव आत आले होते आणि चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी टेबलावरचे पालथे कागद पाहिले, मग नातीकडे पाहिलं.

"उद्या मी सांगेन त्याला काय सांगायचं ते," ते म्हणाले. "तुम्ही कोणी बोलू नका."

ते आपल्या खोलीत गेले. रात्री जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाले.

*

निशिकांत म्हातारा झाला असेल हे उद्धवनी धरलंच होतं, तो वडिलांसारखा, अण्णांसारखा दिसेल हे मात्र नाही. तेच रुंद कपाळ, कान किंचित पुढे आलेले. श्रीनिवास आणि जाई त्याला विमानतळावरून घेऊन आले. दारात तो आधी वहिनीच्या पाया पडला, मग त्यांच्यासमोर क्षणभर थांबला आणि खाली वाकला. उद्धवनी त्याला धरायला हात पुढे केले, पण तोवर तो उठलाही होता.

"प्रवास कसा झाला?"

"झाला. तुझे गुडघे कसे आहेत, दादा?"

"चाललंय."

जेवायला बसेपर्यंत त्यांचं बोलणं एवढंच झालं. डाळिंब्यांची उसळ पाहून निशिकांत वहिनीकडे बघून हसला आणि त्याने दोनदा वाढून घेतली. श्रीनिवास डब्लिनच्या हवेबद्दल विचारत राहिला. अनघाने साधनाकाकूची चौकशी केली. साधना नर्स होती. खटला चालू असतानाच ती मुलाला घेऊन आयर्लंडला गेली, आणि सुटल्यावर निशिकांत तिच्या मागोमाग गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी, एका औषधाच्या गोदामात कामाला. ती येत्या महिन्यात निवृत्त होणार होती.

मग जाईला राहवलं नाही. तिने विचारलं ते मात्र फक्त आयर्लंडबद्दल. "निशीआजोबा, तुम्ही मत दिलंत ना? दोन हजार अठरामध्ये?"

"दिलं ना." त्याने पाणी प्यायलं. "तिथे तो शब्द घटनेतच लिहिलेला होता. ईश्वरनिंदा हा गुन्हा आहे, असा. त्यामुळे संसदेला नुसता कायदा करून तो काढता येईना, लोकांनाच विचारावं लागलं. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, त्याच दिवशी हेही मत. आमच्याकडचं केंद्र शाळेच्या एका वर्गात होतं. भिंतीवर मुलांनी काढलेली गलबतं. दोरीला बांधलेली पेन्सिल. मी फुली मारली आणि तिथेच उभा राहिलो. ती बाई म्हणाली, काही अडचण आहे का? म्हटलं, नाही, नाही."

"लोकांना वाटत होतं काढावा म्हणून?"

"बहुतेकांना त्याचं काही नव्हतंच गं. कित्येक वर्षांत कोणाला शिक्षाच झाली नव्हती. माझ्या गोदामातला एकजण म्हणाला, मेलेला कुत्रा आहे, पुरायचा राहिलाय एवढंच. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे तो जिवंत आहे, मला चावलाय. त्याला ती गंमत वाटली."

निशिकांतने ताटात बोट फिरवलं.

"निकाल लागला त्या संध्याकाळी मी घरी फोन केला होता. गावच्या नंबरवर. दादानेच उचलला."

मधुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

"राँग नंबर म्हणाला आणि ठेवला."

"मला आवाज ओळखू आला होता," उद्धव म्हणाले.

"मला ते कळलं होतं."

उद्धवनी हातातला घास खाली ठेवला. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आता जवळ नव्हतं. ते ताटाकडे बघत बोलू लागले.

"त्या रविवारी मंडळाची माणसं घरी आली होती. साताऱ्याच्या स्पर्धेत तुझी एकांकिका झाली होती. त्यातला देव म्हणे राजीनामा देतो, आणि देवळाचा विश्वस्त त्याला तो देऊ देत नाही. ते म्हणाले, बाहेर पोरं दगड घेऊन फिरतायत. घरच्याच माणसाने फिर्याद दिली तर ती शांत होतील. आई आत झोपली होती. मला वाटलं, निदान घर वाचेल."

"हे मला वकिलांनी सांगितलं होतं," निशिकांत म्हणाला. "त्याचा राग मी कधीच सोडला."

"थांब. हे अर्धंच आहे." उद्धव म्हणाले. "ते असंही म्हणाले, की तो विश्वस्त अण्णांसारखं बोलतो. अण्णांचीच वाक्यं आहेत त्याच्या तोंडी, आणि लोक हसत होते. मग मला दुसरं काही ऐकू आलं नाही. अण्णांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. फिर्यादीत मी लिहिलं, देवाचा अपमान झाला. देवाचं मला काही वाटलं नव्हतं, निशी. मला अण्णांचं वाटलं."

अनघा वडिलांकडे बघत होती. त्यांना असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"तुला कोठडीत टाकून बारा दिवस झाले असतील. जामीन होऊन तू साधनाच्या माहेरी गेला होतास. मी चौकीवर गेलो. म्हटलं, मला फिर्याद मागे घ्यायची आहे. तो इन्स्पेक्टर चांगला होता, त्याने चहा मागवला. म्हणाला, खांबेटे, हा गुन्हा असा मागे घेता येत नाही. तुम्ही दिलीत तेव्हा ती तुमची होती. आता ती सरकारची आहे."

मधुमतीने पदर तोंडाशी धरला.

"तुम्ही परत गेला होतात?" तिने विचारलं. "मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? काही उपयोग झाला नव्हता." मग ते भावाकडे वळले. "मग मी ठरवलं, आपण साक्षीलाच जायचं नाही. समन्स आलं की डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवायचो. फिर्यादीच उभा राहिला नाही तर खटला पडेल, असं मला वाटायचं. तसा तो पडलाही. मला तुझ्यासाठी दुसरं काही करता येत नव्हतं."

निशिकांतने ताट जरा बाजूला सरकवलं.

"दादा, प्रत्येक तारखेला मी दाराकडे बघत बसायचो. फिर्यादी आजारी, पुढची तारीख. फिर्यादी आजारी, पुढची तारीख. आमचे वकील म्हणायचे, तुमचा भाऊ तुम्हाला कुजवतोय. नाटक तू पाहिलं होतंस?"

"नाही."

"वाचलं होतंस?"

"नाही."

"एकदा येऊन एवढंच सांगितलं असतंस कोर्टात. मी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे. दुसऱ्या वर्षी सुटलो असतो मी."

उद्धवनी जाईकडे पाहिलं. ती कायदा शिकलेली होती. तिने नाही म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. जाईने मान खाली घातली.

"अकरातली नऊ वर्षं," ते म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "नऊ वर्षं, निशी."

निशिकांतने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. उजवा उष्टा होता. तसाच धरून तो बसला. "चौकीवर परत गेला होतास, ते मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "एक कार्ड टाकायचं. आई गेली तेव्हा मी आलो असतो. मला वाटलं, ज्याने मला कोठडीत घातलं त्याला मी आईला खांदा द्यायला नको असेन."

ताटं वाळून गेली होती. मधुमती उठली आणि कोणालाही न विचारता सगळ्यांना ताक वाढू लागली.

*

संध्याकाळी चांगीला पोचवायला सगळेच निघाले. गाडीत पाचच जण मावत होते, म्हणून श्रीनिवास एमआरटीने, मेट्रोने जातो म्हणाला. निघताना त्याने जाईला बाजूला घेतलं. "नावाचं आजोबांना विचार," तो म्हणाला. "ते म्हणतील तसं. मी मध्ये येणार नाही." तो हे सहज म्हणाला नव्हता, हे जाईला कळलं.

चेक-इन झाल्यावर दोघे भाऊ बाकावर बसले. आई आणि आजी खाऊच्या डब्यांचं वजन विमानात चालेल का, यावर बोलत जरा लांब उभ्या होत्या. जाई दोघांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, बुधवारी मी नाव वाचू की गाळू?"

"वाच," उद्धव म्हणाले. "सख्खा भाऊ, हेही वाच."

"दादा, त्याची काही गरज नाही," निशिकांत म्हणाला.

"आहे. तुमच्याकडे सगळ्या देशाने मिळून तो शब्द काढला. आमच्याकडे काढतील तेव्हा काढतील. तोपर्यंत कोणीतरी फिर्याद लिहायला बसेल. त्याला कळू दे, ती परत घेता येत नाही."

जाईने मान हलवली. तिच्या निबंधाच्या शेवटच्या भागात अकरा देशांची कोष्टकं होती, कोणी कधी आणि कसा कायदा बदलला याची. ती आता तिला फार नीटनेटकी वाटू लागली.

"पर्थहून परतताना गावी येशील?" उद्धवनी भावाला विचारलं.

"परतीचं तिकीट दुसऱ्या मार्गाचं आहे. आणि घर तर आपण विकलं ना, दादा. कुठे येऊ?"

"पुण्याला. आमच्याकडे."

"बघतो," निशिकांत म्हणाला. त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

विमानाची घोषणा व्हायला वेळ होता, पण तो उठला आणि त्याने खांद्याला बॅग अडकवली. उद्धवही गुडघ्यावर हात रोवून उठले.

"तो विश्वस्त," त्यांनी विचारलं. "अण्णांसारखा बोलणारा. लोक त्याला खरंच हसत होते?"

"हसत होते. पण त्याच्यावर नाही. त्याच्याबरोबर हसत होते." निशिकांत थांबला. "अख्ख्या नाटकात तोच एक शहाणा माणूस होता, दादा. देव त्याचंच ऐकतो. मी ते अण्णांसाठी लिहिलं होतं."

उद्धवचे ओठ हलले. जाईला वाटलं ते बसतील, म्हणून तिने त्यांचा दंड धरला. पण ते उभे राहिले.

"काय सांगतो तो देवाला?" ते म्हणाले. "शेवटी. राजीनामा परत घे म्हणून काय सांगतो?"

निशिकांतने आठवायचा प्रयत्न केला. जाईला तो स्पष्ट दिसला. त्याचं कपाळ आक्रसलं, बोटं बॅगेच्या पट्ट्यावर हलली, एकदा तर वाक्य ओठांवर आल्यासारखं वाटलं. माणसं त्याला वळसा घालून दारातून आत जात होती.

"नाटकाची वही पोलिसांनी नेली ती परत मिळालीच नाही," तो म्हणाला. "त्यानंतर मी काही लिहिलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं सगळं पाठ होतं." त्याने मान हलवली. "नाही रे, दादा. नाही आठवत."